कामाला ठेवताना आपण काय विचारतो?



१ मे जवळ आला की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक महाराष्ट्र दिन आणि दुसरा कामगार संत योसेफ यांचा सण. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. त्या दिवशी आपण मिस्साबलिदानात सगळ्या कष्टकऱ्यांसाठी प्रार्थना करतो आणि ते योग्यच आहे. पण यंदा आम्हाला वाटते की काम करणाऱ्यांबरोबर काम देणाऱ्यांचाही थोडा विचार करावा. कारण आपल्यापैकी बहुतेक जण दोन्ही बाजूंना असतो. सकाळी आठच्या लोकलने जो नोकरीला जातो, तोच रविवारी वाडीत मजूर लावतो. ऑफिसात साहेबापुढे उभी राहणारी बाई घरी आली की मोलकरणीची मालकीण असते.

हा विचार मनात येण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. तो आधी सांगतो.

मागच्या नाताळच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातला एक जण अमेरिकेहून घरी आला होता. आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला मुलगा, आता चाळिशीला आलेला. न्यू जर्सी राज्यात एका हॉटेलात तो मॅनेजर आहे. मिस्सा संपल्यावर ग्रोटोजवळ उभा होता. आम्हाला पाहून म्हणाला, "काका, दहा मिनिटं आहेत का?" दहा मिनिटांचा तास कधी झाला ते आम्हा दोघांनाही कळले नाही.

त्याने सांगितले ते असे. २०१५ साली त्याने एका माणसाला स्वयंपाकघरात कामाला घेतले. माणूस ग्वाटेमालाचा, शांत, कामाला वाघ. तिथल्या नियमाप्रमाणे फॉर्म भरला, कार्ड पाहिले, सही घेतली. चार वर्षे सुरळीत गेली. २०१९ साली सरकारच्या सोशल सिक्युरिटी खात्याकडून हॉटेलला पत्र आले की काही कामगारांची नावे आणि नंबर जुळत नाहीत. याने ते पत्र त्या माणसाला दाखवले. माणसाने ते वाचले, घडी करून खिशात ठेवले, रात्रीची भांडी आवरली आणि दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. पुन्हा कधीच आला नाही. त्याचा आठवड्याचा पगार राहिला होता. मालक म्हणाला, "तो काही मागायला येत नाही, राहू दे." याने भांडून चेक काढून घेतला. पण पत्ता कुठे होता? चेक टेबलाच्या खणात राहिला. तो केव्हाच बाद झाला, पण याने अजून टाकलेला नाही.

"काका, माझी चूक नेमकी कुठे झाली? त्याला ठेवला तेव्हा, की पत्र दाखवले तेव्हा?" त्याने विचारले. आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. घरी आलो, वाचले, विचार केला, एक-दोघांशी बोललो. पुढच्या ओळी म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

कायदा काय सांगतो?

प्रथम त्या देशाचा कायदा समजून घेऊ. अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणाऱ्याला आसरा देणे हा १९५२ पासून गुन्हा होता. पण त्याच कायद्यात एक पळवाट मुद्दाम ठेवली होती. अशा माणसाला नोकरी देणे म्हणजे आसरा देणे नव्हे, असे त्यात लिहिले होते. टेक्सासच्या बड्या शेतमालकांना स्वस्त मजूर हवे होते, म्हणून ती सोय. लोक तिला 'टेक्सासची तरतूद' म्हणत. याचा अर्थ पाहा. नदी ओलांडून आलेला गुन्हेगार आणि त्याच्या घामावर गबर झालेला निर्दोष!

ही विसंगती दूर करायला १९८६ साली मोठी सुधारणा झाली. अध्यक्ष रेगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ रोजी त्या कायद्यावर सही केली. तो एक सौदा होता. एका बाजूला, आधीपासून राहात असलेल्या लोकांना कायदेशीर होण्याची संधी मिळाली आणि सुमारे २७ लाख लोकांना तिचा लाभ झाला. दुसऱ्या बाजूला, यापुढे कागद नसलेल्या माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड ठरला. पुन्हा पुन्हा तसे करणाऱ्याला तुरुंगही.

त्या दिवसापासून तिथे प्रत्येक नव्या कामगारासाठी 'आय-नाइन' नावाचा फॉर्म भरावा लागतो. तो गोऱ्यासाठी भरायचा, काळ्यासाठी भरायचा आणि आपल्यासारख्या सावळ्यासाठीही भरायचा. पहिल्या दिवसापर्यंत कामगाराने आपला भाग भरायचा. काम सुरू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत मालकाने मूळ कागद तपासून सही करायची. कोणते कागद दाखवायचे हे ठरलेल्या यादीतून कामगारानेच निवडायचे. पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड एकटे चालते. ते नसेल तर ओळखीसाठी ड्रायव्हिंग लायसन्ससारखा एक कागद आणि कामाच्या हक्कासाठी सोशल सिक्युरिटी कार्डासारखा दुसरा. "मला अमुकच कार्ड दाखव" असे मालकाने म्हणायचे नाही. कागद वरवर पाहता खरा वाटला तर तो स्वीकारायचा. चेहऱ्याकडे पाहून किंवा बोलण्याची ढब ऐकून जास्तीचे कागद मागितले तर तो भेदभाव, आणि त्याचाही दंड आहे.

म्हणजे कायद्याने मालकाला अरुंद बांधावरून चालायला लावले. डोळे मिटले तर दोषी, डोळे फार वटारले तरी दोषी. आणि झाले काय? चार वर्षांनी, १९९० साली, अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने अहवाल दिला. सुमारे दहा टक्के मालक माणसाचे परदेशी दिसणे किंवा बोलणे पाहून वेगळी वागणूक देऊ लागले होते, असे त्यात आढळले. दंडाच्या भीतीने काहींनी सोपा मार्ग काढला. तपासण्याची कटकट नको, असा चेहराच नको. कागद पक्के असलेल्या नागरिकांनाही त्याचा फटका बसला.

दुसरीकडे खोट्या कागदांचा बाजार वाढला. ज्याला प्रामाणिकपणे तपासायचे होते तो गोंधळला. ज्याला तपासायचेच नव्हते त्याला मात्र ढाल मिळाली. "कागद खरे वाटले, साहेब. मी काय करणार?" असे म्हटले की काम झाले. पुढे १९९७ साली पाच राज्यांत नंबर सरकारी नोंदींशी ताडून पाहण्याची प्रायोगिक सोय आली. आज तिला 'ई-व्हेरिफाय' म्हणतात. ॲरिझोना राज्याने २००८ पासून आपल्या सर्व मालकांना ती सक्तीची केली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याचा कायदा उचलून धरला. बनावट नंबर या यंत्रात सापडतो. पण दुसऱ्याचे खरे नाव आणि खरा नंबर वापरला तर यंत्र फसते. उलट लग्नानंतर नाव बदललेल्या एखाद्या नागरिक बाईला यंत्र "जुळत नाही" म्हणू शकते. म्हणून तिथेही नियम आहे की माणसाला आधी कळवा, दाद मागायला कामकाजाचे आठ दिवस द्या आणि तोवर कामावरून काढू नका.

आमच्या मित्राला आलेले पत्र याहूनही वेगळे होते. तसे पत्र म्हणजे माणूस बेकायदा असल्याचा पुरावा नव्हे. स्पेलिंगची चूकही असू शकते. मालकाने कामगाराला कळवावे, दुरुस्तीला पुरेसा वेळ द्यावा, केवळ पत्रावरून काढून टाकू नये, अशी रीत आहे. म्हणजे त्याने पत्र दाखवले यात काहीच गैर नव्हते. ते न दाखवता लपवले असते, तर त्या माणसाला आपली बाजू मांडायची संधीही मिळाली नसती.

पोस्टव्हिल गावाची गोष्ट

कायद्याचे हे सारे गणित प्रत्यक्ष माणसांवर कसे उतरते, हे आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या छोट्या गावाने पाहिले. गावाची वस्ती दोन हजारांवर थोडी. गावात एक मोठा मांस कारखाना. १२ मे २००८ रोजी सरकारी पथके हेलिकॉप्टरसह आली आणि ३८९ कामगारांना पकडून घेऊन गेली. बहुतेक ग्वाटेमालाचे. जवळच्या वॉटर्लू शहरातल्या गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तात्पुरते न्यायालय उभे केले होते. दहा-दहा जणांना एकत्र उभे करून काही दिवसांत खटले उरकले. सुमारे तीनशे जणांना शिक्षा झाली, बहुतेकांना पाच महिन्यांची आणि त्यानंतर हद्दपारी. गुन्हा कबूल केला नाही, तर दुसऱ्याची ओळख चोरल्याचा मोठा गुन्हा लावू, अशी टांगती तलवार होती. वर्षभराने, मे २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात एकमताने सांगितले की तो नंबर खऱ्याखुऱ्या दुसऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत असल्याशिवाय तो मोठा गुन्हा लागत नाही. पण तोवर पोस्टव्हिलच्या त्या कामगारांची शिक्षा भोगून झाली होती.

त्या दिवशी गावातल्या बायका आणि मुले कुठे गेली? ती संत ब्रिजिट यांच्या कॅथलिक चर्चमध्ये गेली. आपल्या चर्चसारखेच एका धर्मग्रामाचे ते चर्च. शेकडो माणसे तिथे आली, बाकांवर झोपली. तिथल्या लोकांनी त्यांना जेवू घातले. ज्या आयांना मुलांसाठी घरी सोडले होते, त्यांच्या पायात नजर ठेवणारे यंत्र बांधलेले होते. त्यांना गावाबाहेर जाता येत नव्हते आणि काम करता येत नव्हते. दिवसांचे महिने झाले आणि त्यांचा भार त्या धर्मग्रामाने उचलला.

आणि मालक? काही सुपरवायझरांना शिक्षा झाली. कारखाना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेला. त्याच्या प्रमुखाला २००९ साली दोषी ठरवले ते बँकेच्या फसवणुकीच्या गुन्ह्यांत. त्यानंतर बेकायदा कामगार ठेवल्याबद्दलचे ७२ आरोप सरकारने मागे घेतले. त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१७ साली अध्यक्ष ट्रम्प यांनी ती कमी करून त्याला सोडले. आम्ही त्या माणसाचा न्याय करायला बसलेलो नाही. एवढेच लक्षात घ्यावे की कामगार ठेवण्याच्या प्रश्नाचा निवाडा कामगारांच्या बाबतीत चार दिवसांत झाला. त्याला कामावर ठेवणाऱ्याच्या बाबतीत न्यायालयात तो कधी झालाच नाही.

'जाणूनबुजून' म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कायदा 'जाणूनबुजून' या शब्दापाशी थांबतो. सदसद्विवेकबुद्धीला तिथे थांबता येत नाही.

आपली ख्रिस्तसभा शिकवते की अज्ञान सगळे सारखे नसते. एखाद्याला खरोखरच कळायला मार्ग नव्हता, तर त्याचा दोष नाही. पण खरे काय आणि चांगले काय हे जाणून घेण्याचा ज्याने त्रासच घेतला नाही, त्याचे अज्ञान दोषी आहे. संत थॉमस अक्विनास तर पुढे जाऊन सांगतात की काही वेळा माणूस मुद्दाम अज्ञानी राहतो, म्हणजे हवे ते मोकळेपणाने करता येते. अशा अज्ञानाने पाप हलके होत नाही.

आम्ही त्या मित्राला विचारले होते, "चार वर्षांत तुला कधी शंका आली नाही?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, त्याला आठवड्याला साठ तास काम असायचे. तिथे चाळीस तासांच्या वर दीडपट पगार द्यायचा कायदा आहे. त्याला आम्ही सरसकट एकच दर दिला. इतर लोक ओव्हरटाइम मागायचे, भांडायचे. तो कधी बोलला नाही. तो का बोलत नाही हे मालकाला कळत होतं. मलाही कळत होतं."

इथे उत्तर आहे, असे आम्हाला वाटते. कार्ड खरे की खोटे हे त्याला माहीत नव्हते, हे खरे असेल. पण माणूस घाबरलेला आहे हे त्याला माहीत होते. आणि त्या भीतीचे पैसे होत होते, दर आठवड्याला वीस तासांच्या वरकड मजुरीचे. कागदाबद्दलचे अज्ञान आणि भीतीबद्दलचे ज्ञान, दोन्ही मालकाच्या सोयीचे होते. शंका विचारायची नाही, पण शंकेचा फायदा घ्यायचा.

पगार बुडवणे हे पवित्र शास्त्रात साधे पाप नाही. अनुवादाच्या पुस्तकात देव सांगतो की गरजू मजूर आपल्यातला असो की परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या. संत याकोब आपल्या पत्रात लिहितात की कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी पोहोचतो. मजूर गप्प बसला तरी मजुरी गप्प बसत नाही! पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रकात न्याय्य मजुरीचा आग्रह धरला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली लिहिले की कामासाठी परदेशी गेलेल्याच्या अडचणीचा कुणी गैरफायदा घेऊ नये. २०२५ साली निवडून आलेले पोप चौदावे लिओ स्वतः अमेरिकेत जन्मले, आणि तेराव्या लिओंची आठवण ठेवूनच त्यांनी हे नाव घेतले.

अमेरिकेच्या कायद्यातही केलेल्या कामाचा पगार द्यावाच लागतो, मग माणसाचे कागद काहीही असोत. मात्र २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी एक निकाल दिला. युनियनच्या बाजूने उभा राहिला म्हणून काढून टाकलेल्या कामगाराला, त्याच्याकडे कागद नसल्यामुळे, बुडालेल्या दिवसांची भरपाई मिळणार नाही असे त्यात ठरले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी म्हटले की यामुळे कायदा मोडणे मालकाला स्वस्त पडेल. हा मुद्दा साध्या माणसालाही पटावा. ज्याला त्रास देणे स्वस्त असते, त्यालाच कामावर ठेवण्याचा मोह होतो.

बवाजाने काय विचारले?

जुन्या करारात रूथची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती मवाबी, म्हणजे परकी. नवरा वारलेला. सासू नामीबरोबर बेथलेहेमला आली आणि कापणीच्या हंगामात शेतात पडलेली कणसे वेचू लागली. शेताचा मालक बवाज आला. त्याने मुकादमाला पहिला प्रश्न केला तो तिच्याबद्दलच. ही मुलगी कोणाची?

म्हणजे विचारणे वाईट नाही. बवाजानेही विचारले. मुकादमाने सांगितले की ती मवाबी आहे, नामीबरोबर आली आहे. माहिती मिळाल्यावर बवाजाने काय केले, यात सगळे आहे. त्याने तिला हाकलले नाही. परकी आहे, निराधार आहे, हिच्याकडून फुकट राबवून घेऊ, असेही त्याच्या मनात आले नाही. त्याने गड्यांना बजावले की हिला कुणी त्रास देऊ नका. तहान लागली तर त्यांनी भरून ठेवलेले पाणी पी, असे तिला सांगितले. जेवणाच्या वेळी तिला आपल्या लोकांत बसवले. पेंढ्यांतली काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम टाका म्हणाला. आणि संत मत्तयने येशूची वंशावळ लिहिताना या परक्या मजूर बाईचे नाव त्यात घातले.

ज्याच्याविषयी विचारले त्याची जबाबदारी वाढते, असे बवाज आपल्याला शिकवतो. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. जबाबदारी टाळता यावी म्हणून विचारतो, किंवा जबाबदारी येऊ नये म्हणून विचारतच नाही.

संत योसेफही हेरोदाच्या भीतीने बाळाला आणि मरियामातेला घेऊन रातोरात मिसर देशात गेले. तिथे त्यांना सुतारकाम कुणी दिले असेल? शुभवर्तमान ते सांगत नाही. पण कुणीतरी दिले असेलच. त्या कुणीतरी काय विचारले असेल, किती मजुरी दिली असेल, हा विचार १ मे रोजी करण्यासारखा आहे.

मग कायदा पाळायचा नाही का?

कुणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण नियम मोडणाऱ्याची बाजू ख्रिस्तसभा घेते का? हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. आपल्याच धर्मग्रामातली काही कुटुंबे ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे रांगेत आहेत. सगळे नियम पाळून, घरच्या मयतीलाही न येता थांबलेली. त्यांना राग येणे समजण्यासारखे आहे. शिवाय घाबरलेला मजूर कमी पगारात राबतो तेव्हा कागद असलेल्या गरीब मजुराचीही मजुरी उतरते. म्हणूनच तिथल्या कामगार संघटनांच्या मोठ्या महासंघाने १९८६ साली मालकांना दंड करण्याच्या तरतुदीला पाठिंबा दिला होता. पण त्याच महासंघाने २००० साली ती तरतूद रद्द करा अशी मागणी केली. अनुभवाने त्यांना दिसले की दंडाचा धाक मालकाला कमीच बसतो. "कागद तपासू का?" ही धमकी मात्र मजुराविरुद्ध सर्रास वापरली जाते, विशेषतः तो हक्क मागतो तेव्हा.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२४१) दोन्ही बाजू एकत्र सांगितल्या आहेत. सुस्थितीतल्या देशांनी, आपल्याला झेपेल तितके, उपजीविकेसाठी आलेल्या परक्याचे स्वागत करावे. राज्यकर्ते त्यासाठी अटी घालू शकतात. आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे पाळावेत. अमेरिका आणि मेक्सिको येथील बिशपांनी २००३ साली मिळून काढलेल्या पत्रातही तेच आहे. देशाला सीमा सांभाळण्याचा हक्क आहे, पण कागद नसलेल्याची मनुष्य म्हणून प्रतिष्ठा कागदाबरोबर संपत नाही.

तेव्हा मालकाने फॉर्म भरावा, नीट भरावा, सगळ्यांचा सारखा भरावा. तो पोलीस नाही, त्याने पोलिसगिरी करू नये. खोटे उघड झाले तर त्याने कायदा मोडून कुणाला ठेवावे असे आम्ही म्हणत नाही. पण निरोप देताना शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार हातात द्यावा. शक्य असल्यास चांगला वकील किंवा जवळचे चर्च दाखवावे. आणि जोवर माणूस कामावर आहे, तोवर त्याचे गप्प बसणे आपल्या फायद्याच्या वहीत लिहू नये.

आपल्या दारात

हे दूरच्या देशाचे झाले, असे समजून पान उलटू नका. आपल्या धर्मग्रामातल्या कित्येकांनी आखातात नोकऱ्या केल्या आहेत. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असला की माणूस कसा हळू बोलतो, हे त्यांना विचारा. परक्या देशात गप्प बसलेला तो ग्वाटेमालाचा माणूस आपल्याच घरातही कधी राहून गेला आहे.

आणि आपल्या परिसरात काय झाले? २०२५ च्या जून महिन्यात आपल्या शेजारच्या मीरा रोडहून आणि मुंबई भागातून पकडलेल्या काही बंगाली बोलणाऱ्या मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे पाठवण्यात आले. ते पश्चिम बंगालचे, म्हणजे भारतीयच होते असे दिसून आल्यावर त्यांना परत आणावे लागले. कागद विचारणे सोपे आहे. कागद दाखवला तरी बोलीवर विश्वास न ठेवणे त्याहून सोपे आहे. अमेरिकेत १९९० च्या अहवालाने जे सांगितले, ते इथेही घडू शकते.

नाक्यावरून गवंडी आणतो तेव्हा आपण काय विचारतो? "कितीत करशील?" एवढेच. तो कुठून आला, रात्री कुठे झोपतो, काल त्याला पैसे मिळाले का, हे विचारत नाही. पोलिसांनी सांगितले म्हणून मोलकरणीच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतो. पण तिच्या मुलांची नावे आपल्याला माहीत असतात का? ती आजारी पडली तर दिवसाचे पैसे कापतो का? कागद मागण्याचा आपल्याला हक्क असेल. पण बवाजासारखे पाणी विचारण्याचे कर्तव्यही आहे.

त्या मित्राला आम्ही फोनवर एवढेच सांगितले. बाबा, तुझी चूक पत्र दाखवले त्या दिवशी झाली नाही, आणि कार्ड पाहून कामाला ठेवले त्या दिवशीही नाही. ज्या आठवड्यात तू पहिल्यांदा साठ तासांचे पैसे साध्या दराने दिलेस आणि तो काही बोलला नाही म्हणून तुला हायसे वाटले, त्या आठवड्यात झाली. ती देवापुढे मांड, कबुलीसंस्कार घे. पण तेवढ्यावर थांबू नकोस. पैसे त्याचे आहेत, ते त्याला परत पोहोचवायचा प्रयत्न कर. तिथल्या चर्चमध्ये स्पॅनिश मिस्साला जाणाऱ्यांत चौकशी कर.

त्याने चौकशी केली आहे. अजून पत्ता लागलेला नाही. मात्र स्वयंपाकघरात आता सगळ्यांचे तास तो स्वतः वहीत लिहितो, आणि चाळिसाच्या वरचे तास लाल शाईने लिहितो म्हणजे मालकाच्या नजरेतून सुटायला नकोत. मालक कुरकुरतो, पण देतो.

येत्या १ मे रोजी मिस्साला येण्याआधी आपणही घरी एक काम करूया. आपल्याकडे राबणाऱ्या कुणाचे काही देणे राहिले आहे का ते पाहूया, आणि असल्यास त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी, ते देऊन टाकूया.

कामगार संत योसेफा, आमच्यासाठी विनंती कर.